पोलिओ डीडीटीमुळे व्हायचा, हा दावा का टिकत नाही

बरीच वर्षं एक मेसेज फिरतोय, कधी ग्राफसकट, कधी नुसता मजकूर, कधी इंग्रजी व्हिडिओवर मराठी आवाज लावून. त्याचा सारांश असा: पोलिओचा व्हायरस असा काही नाहीच, तो कुणी वेगळा काढून दाखवलेला नाही. १९४०-५० च्या दशकात अमेरिकेत डीडीटीची बेसुमार फवारणी व्हायची, त्या विषाने मुलं लुळी पडायची आणि त्यालाच पोलिओ म्हटलं गेलं. पुढे डीडीटी बंद झालं, स्वच्छता वाढली, आजार आपोआप गेला आणि श्रेय लशीला मिळालं. जे रुग्ण उरले त्यांना दुसऱ्या आजारांची नावं चिकटवली. आणि आज कुठे पोलिओ सापडलाच तर तो लशीतूनच आलेला असतो.

ह्यातल्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, तेही अर्धंच, पण ते टाळून पुढे जाणार नाही, खाली सविस्तर लिहिलंय. बाकीचं एवढं मुद्देसूद लिहितेय कारण नुसतं "फेक आहे, पाठवू नका" म्हटलं की समोरचा गप्प बसतो पण त्याला पटलेलं नसतं, आणि घरात तान्हं बाळ असलेल्या कुणी हे वाचून डोस चुकवला तर भोगावं लागणार ते त्या बाळाला. आणि दुसरं असं की जगात ज्या थोड्या व्हायरसांबद्दल माणसाला अगदी बारीकसारीक माहिती आहे त्यात पोलिओचा नंबर फार वरचा लागतो, आणि नेमकं त्याच्याचबद्दल "असा काही व्हायरस नाही" हे लोक बिनदिक्कत पुढे पाठवतात ह्याचं खरंच वाईट वाटतं.

१. "डीडीटी आलं म्हणून पोलिओ आला, ते गेलं म्हणून गेला"

तारखा लावून बघा. डीडीटी हे रसायन पहिल्यांदा तयार झालं १८७४ मध्ये, पण ते किडे मारतं हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरच्या लक्षात आलं १९३९ मध्ये आणि अमेरिकेत सामान्य लोकांना ते मिळायला लागलं १९४५ पासून. आता पोलिओ घ्या. लहान मुलांचे पाय अचानक लुळे पडतात ह्याचं वर्णन ब्रिटिश डॉक्टर मायकेल अंडरवुडने १७८९ मध्ये केलंय. जर्मनीच्या याकोब हाइनेने १८४० मध्ये ह्याच आजारावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १८८७ मध्ये स्टॉकहोममध्ये ४४ मुलांची साथ, १८९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मोंटमध्ये १३२ रुग्ण, १९०५ मध्ये स्वीडनमध्ये हजाराच्या वर, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २७,००० रुग्ण आणि ६,००० मृत्यू, त्यातले ९,००० च्या आसपास रुग्ण एकट्या न्यूयॉर्क शहरातले, लोक मुलं घेऊन शहर सोडून पळत होते. हे सगळं डीडीटी बाजारात यायच्या जवळजवळ ३० वर्षं आधी.

ह्यावर उत्तर येतं की तेव्हा शिसं आणि आर्सेनिकची कीटकनाशकं होती ना. होती, बरोबर. पण विषबाधा माणसात दिसते कशी ते बघायला पाहिजे. शिशाने लहान मुलांचं पोट दुखतं, रक्त कमी होतं, मेंदूला सूज येते, हे हळूहळू वाढत जातं. आर्सेनिकने हातापायांची आग होते, मुंग्या येतात, संवेदना जाते आणि साधारण दोन्ही बाजूंना सारखं होतं. डीडीटी तर चेतातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, म्हणजे चेतातंतू थांबायचं नाव घेत नाहीत, अंग थरथरतं, झटके येतात. पोलिओत ह्याच्या उलट चित्र असतं: आधी ताप, मग एक-दोन दिवसांत एकच पाय किंवा एक हात एक पाय असा वेडावाकडा लुळेपणा, स्नायू एकदम ढिले, आणि त्याच पायाला टाचणी लावली तर मुलाला नीट कळतं. संवेदना शाबूत आणि हालचाल गेलेली. कारण मज्जारज्जूच्या पुढच्या भागात ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात फक्त त्या मरतात, शेजारच्या स्पर्श वाहून नेणाऱ्या वाचतात. सगळ्या अंगात भिनणारं विष असं निवडून वार करत नाही.

आणि दुसरं टोक बघा. अमेरिकेत डीडीटीचा वापर सगळ्यात जास्त झाला १९५९ मध्ये, त्या एका वर्षात साधारण साडेतीन कोटी किलो. बंदी आली १९७२ मध्ये. पोलिओचे रुग्ण १९५२ मध्ये ५७,८७९ होते, लस आली १९५५ मध्ये, १९५७ पर्यंत रुग्ण साडेपाच हजारांच्या आसपास आले आणि १९६१ मध्ये तेराशेच्या आसपास. म्हणजे डीडीटी चढत होतं तेव्हाच पोलिओ कोसळत होता. भारतात तर मलेरियासाठी डीडीटीची फवारणी कितीतरी दशकं चालली, २०११ नंतरही चालू होती, आणि पोलिओचे रुग्ण २००९ मध्ये ७४१, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एकच, १३ जानेवारीला हावड्यात, त्यानंतर नैसर्गिक पोलिओ व्हायरसचा एकही नाही. डीडीटी तिथेच, पोलिओ गायब, हे ग्राफवाल्यांनी समजावून सांगावं.

अजून एक. १९४८-४९ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेला, चेस्टरफील्ड इनलेटच्या आसपासच्या इनुइट वस्त्यांमध्ये पोलिओची जबर साथ आली होती. चहूकडे बर्फ, फवारायला ना पीक ना डास.

२. "व्हायरस कुणी वेगळा काढलेलाच नाही"

हा मुद्दा सगळ्यात ठामपणे मांडला जातो आणि सगळ्यात कच्चा आहे, म्हणून ह्यावर जरा जास्त लिहिते.

१९०८ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारा तोच) आणि एर्विन पॉपर ह्यांनी पोलिओने गेलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचं द्रावण दोन माकडांना टोचलं. दोघांनाही तोच आजार झाला आणि त्यांच्या मज्जारज्जूत तशीच पेशींची नासधूस दिसली. त्याच द्रावणात जिवाणू काही सापडले नाहीत. इथपर्यंत कुणी म्हणेल की बरोबर आहे, त्या मुलाच्या अंगातलं विषच माकडात गेलं. लँडस्टायनरला त्या माकडांपासून पुढच्या माकडांना आजार देता आला नव्हता, त्यामुळे ही शंका तेव्हा घेता आली असती. पण १९०९ मध्ये न्यूयॉर्कला सायमन फ्लेक्सनर आणि पॉल लुईस ह्यांनी ते करून दाखवलं, पहिल्या माकडाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, असं पुढे पुढे, आणि प्रत्येक वेळी आजार तेवढाच जोरदार. जिवाणू अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून गाळलेल्या द्रावणानेही तेच.

इथे साधं गणित करा. समजा त्या मुलाच्या मज्जारज्जूत अख्खा १ ग्रॅम डीडीटी होता (असू शकत नाही, पण धरू), आणि दर वेळी त्यातला शंभरावा भाग पुढच्या माकडात गेला. एका ग्रॅममध्ये डीडीटीचे साधारण १७ वर २० शून्यं इतके रेणू असतात. दहा वेळा शंभराने भागलं की दहाव्या माकडाच्या वाट्याला येतात १७ रेणू. ग्रॅम नव्हे, १७ रेणू. अकराव्याला बहुतेक एकही नाही. विष दर खेपेला पातळ होतं, त्याला पर्याय नाही. जे पातळ करूनही तेवढंच उरतं ते प्रत्येक प्राण्यात नव्याने वाढत असलं पाहिजे, आणि वाढणं हे रसायनाचं काम नाही.

पुढचं तर अजून स्पष्ट आहे. १९४९ मध्ये जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स ह्यांनी हा व्हायरस काचेच्या भांड्यात, मज्जासंस्थेच्या नसलेल्या मानवी पेशींमध्ये वाढवला, १९५४ चं नोबेल त्यासाठीच. १९५४ मध्ये डुल्बेको आणि मार्गरेट व्होग्ट ह्यांनी बशीत पेशींचा सलग थर पसरून त्यावर व्हायरस टाकला आणि मोजला. जिथे एक कण उतरतो तिथल्या पेशी मरतात, मग त्यांच्या शेजारच्या, आणि काही दिवसांत त्या थरात एक गोल भोक दिसतं. द्रावण निम्मं पातळ करा, भोकं निम्मी होतात, म्हणजे एका भोकाला एक कण पुरतो. त्या एका भोकातून बारीक नळीने थोडंसं उचललं की एकाच कणाचे वंशज हातात येतात. "वेगळा काढणं" ह्यापेक्षा जास्त काय असतं? आणि बशीत आधी पोलिओच्या टाइप १ च्या अँटिबॉडीज टाकल्या तर टाइप १ ची भोकं पडत नाहीत पण टाइप २ आणि ३ ची पडतात. पोलिओचे हे तीन प्रकार १९५१ पर्यंत पक्के ठरले होते. डीडीटीचे असे तीन प्रकार नाहीत आणि कुठल्या अँटिबॉडीने ते अडतही नाही.

१९५५ मध्ये ह्या व्हायरसचे चक्क स्फटिक बनवले गेले. १९८१ मध्ये त्याचा पूर्ण जनुकीय मजकूर वाचून झाला, आरएनएची साधारण ७,५०० अक्षरं. १९८५ मध्ये त्याच्या कवचाची रचना अणूअणूपर्यंत कळली: चार प्रथिनं, प्रत्येकाच्या ६० प्रती, व्यास ३० नॅनोमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये तो पेशीला कुठे चिकटतो ते सापडलं, माणसाच्या पेशींवरचं सीडी१५५ नावाचं प्रथिन. साध्या उंदराला हे प्रथिन नसतं म्हणून बहुतेक पोलिओ व्हायरसांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. १९९० मध्ये उंदरात माणसाचं हे एक जनुक घातलं आणि तो उंदीर पोलिओने लुळा पडायला लागला. फक्त एक जनुक. डीडीटी उंदराला विषारी ठरायला असल्या जनुकाची गरज पडत नाही, ते साध्या उंदरालाही मारतं.

आणि २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकला एकार्ड विमरच्या टीमने ते छापील ७,५०० अक्षरं घेऊन, बाहेरून मागवलेले डीएनएचे छोटे तुकडे जोडून, व्हायरस शून्यापासून बनवला. ओळख पटावी म्हणून मधे काही अक्षरं मुद्दाम बदललेली होती. त्या व्हायरसने पेशी मारल्या, सीडी१५५ वाले उंदीर लुळे केले, आणि बाहेर आलेल्या व्हायरसमध्ये त्या खुणेच्या जागा जशाच्या तशा सापडल्या. (हे करायला हवं होतं का ह्यावर तेव्हा बराच वाद झाला, तो वाद रास्तही होता.) पण नसलेल्या गोष्टीचा मजकूर छापून त्यावरून ती गोष्ट बनवता येत नाही, आणि बनवलेल्या गोष्टीने नेमका तोच आजार होत नाही.

३. "पेशंटच्या जवळपासही न गेलेल्या मुलाला होतो, घरात चार मुलं असून एकालाच होतो, मग संसर्गजन्य कसा?"

ही शंका प्रामाणिक आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनाही हीच पडली होती. उत्तर असं की आपल्याला दिसतात ते लुळे पडलेले, आणि ते संसर्ग झालेल्यांपैकी साधारण २०० मध्ये एक असतात. ७० टक्क्यांच्या वर लोकांना काहीच होत नाही, चारातल्या एकाला थोडा ताप, घसा, उलटी असं दोन-तीन दिवस, काही थोड्यांना मान ताठ होण्यापर्यंत जातं आणि तेही बरे होतात. पण ह्या सगळ्यांच्या शौचातून व्हायरस कित्येक आठवडे पडत असतो. म्हणजे घरातल्या चारही मुलांना संसर्ग झालेला असतो, दिसतो एकाचाच.

व्हायरसच्या बाजूने बघितलं तर हा मुळात आतड्याचा आजार आहे. तोंडावाटे आत येतो, पोटातल्या आम्लाने ह्याला काही होत नाही, घशाच्या आणि आतड्याच्या भिंतीत वाढतो, शौचातून बाहेर पडतो, दूषित पाण्यातून-हातातून पुढच्या माणसाच्या तोंडात. एवढ्यावर त्याचं भागतं. पेशीत शिरल्यावर त्याचा आरएनए थेट प्रथिनं बनवायच्या कामाला लागतो, एक लांबलचक प्रथिन बनतं आणि व्हायरसची स्वतःचीच कात्री त्याचे तुकडे करून एकेक भाग सुटा करते. त्यातली एक कात्री पेशीचं एक महत्त्वाचं प्रथिनही कापते ज्यामुळे पेशीची स्वतःची प्रथिनं बनायची बंद पडतात पण व्हायरसची चालू राहतात, कारण त्याच्या आरएनएला ते प्रथिन शाबूत लागतच नाही, त्याची वेगळी सोय त्याच्या सुरुवातीच्या भागातच आहे. सहा ते आठ तासांत ती पेशी हजारो नवे कण सोडून मरते.

काही जणांत तो आतड्यातून रक्तात जातो. डोरोथी हॉर्स्टमन ह्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी आणि त्याच सुमाराला डेव्हिड बोडियन ह्यांनी १९५२ मध्ये दाखवलं की लुळेपणा यायच्या कितीतरी आधी व्हायरस रक्तात असतो. त्याआधी कित्येक वर्षं समजूत होती की तो नाकातून सरळ मेंदूत जातो, कारण प्रयोगातल्या ऱ्हीसस माकडांना तोंडावाटे संसर्ग जवळजवळ होतच नव्हता आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघाला. त्या एका चुकीने लशीचं काम बरंच मागे पडलं असं मला वाटतं, कारण रक्तातल्या अँटिबॉडीने हा अडवता येईल हे कुणाला सुचायलाच वाव नव्हता. रक्तातून किंवा स्नायूतल्या चेतातंतूच्या टोकातून उलटा वर चढत तो मज्जारज्जूत पोचतो आणि तिथल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. ह्यात व्हायरसचा काही फायदा नाही, मज्जारज्जूतून तो कुणाकडे पसरत नाही. पण मुलाच्या त्या पेशी परत येत नाहीत. वाचलेल्या शेजारच्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ झालेल्या स्नायूंना धरतात म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत थोडी सुधारणा होते, आणि काही जणांत २०-३० वर्षांनी ह्याच जास्तीचा भार घेतलेल्या पेशी थकून अशक्तपणा परत येतो. लुळे पडलेल्यांपैकी ५ ते १० टक्के श्वासाचे स्नायू बंद पडून जातात.

४. "स्वच्छतेने गेला, लशीने नाही"

टायफॉइड-कॉलराबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे म्हणून ऐकायला पटतं. पोलिओचं उलटं झालं. मोठ्या साथी १९ व्या शतकाच्या शेवटी सुरू झाल्या त्या स्वीडन, अमेरिका अशा स्वच्छ होत चाललेल्या देशांत. आधी काय व्हायचं की सांडपाण्यातून हा व्हायरस सगळीकडे असायचा, बाळाला तो पहिल्या काही महिन्यांत गाठायचा आणि तेव्हा आईकडून आलेल्या अँटिबॉडीज अंगात असायच्या, त्यामुळे संसर्ग आतड्यातच राहायचा आणि जन्मभराचं संरक्षण मिळून जायचं. पाणी स्वच्छ झालं तसं पहिला संसर्ग पुढे ढकलला गेला, पाचव्या-दहाव्या वर्षी, कधी तरुणपणी, तेव्हा आईच्या अँटिबॉडीज केव्हाच संपलेल्या. जितका उशीर तितका लुळेपणाचा धोका जास्त.

आणि सरळ पुरावा हवा असेल तर नेदरलँड्स बघा. स्वच्छतेत जगाच्या पुढे असलेला देश. १९९२-९३ मध्ये तिथे ७१ जणांना पोलिओ झाला, दोघं गेले. रुग्ण जवळपास सगळेच धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्या समुदायातले होते. त्याच गावांत, तेच पाणी पिणाऱ्या, लस घेतलेल्या शेजाऱ्यांमध्ये साथ पसरली नाही.

५. "व्याख्या बदलून आकडे कमी केले"

व्याख्या बदलली होती, खरं आहे. अमेरिकेत १९५५ च्या आधी २४ तासांच्या अंतराने दोनदा तपासून अशक्तपणा दिसला की लुळेपणाचा पोलिओ धरायचे, नंतर ६० दिवसांनीही लुळेपणा उरलेला असणं आवश्यक केलं. त्यामुळे आकड्यांत थोडी घट कागदावरची असणार हे मान्य. पण मृत्यूंना ६० दिवसांची व्याख्या लागत नाही, आणि पोलिओचे मृत्यू १९५२ मध्ये ३,१४५ होते ते १९५७ मध्ये अडीचशेच्या आत आले.

खरा निकाल मात्र त्याआधीच, लशीच्या १९५४ च्या चाचणीत लागला होता, जुनीच व्याख्या चालू असताना. थॉमस फ्रान्सिस ह्यांच्या देखरेखीखाली झालेल्या ह्या चाचणीतल्या ज्या भागात लस की नुसतं पाणीवजा इंजेक्शन हे मुलालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही, तिथले आकडे बघा. लस मिळालेली मुलं २,००,७४५, प्लासिबो मिळालेली २,०१,२२९. लुळेपणाचा पोलिओ: लसवाल्यांत ३३, प्लासिबोवाल्यांत ११५. आता मला सगळ्यात बोलका वाटतो तो आकडा: पोलिओ म्हणून कळवले गेले पण तपासात पोलिओ नाही असं ठरलं ते २५ आणि २०. म्हणजे डॉक्टर दोन्हीकडे सारख्याच डोळ्यांनी बघत होते, दुसरे आजार दोन्हीकडे सारखेच झाले, फरक पडला तो फक्त पोलिओत. डीडीटीची फवारणी ह्या चार लाख मुलांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या मुलांनाच टाळून जात होती असं काही म्हणता येत नाही.

त्याच्याही आधी १९५१-५२ मध्ये विल्यम हॅमन ह्यांनी साधारण ५५,००० मुलांवर चाचणी केली होती, निम्म्यांना निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज टोचल्या, लस नाही, फक्त अँटिबॉडीज. काही आठवडे त्यांना पोलिओपासून स्पष्ट संरक्षण मिळालं. कीटकनाशकाच्या विषापासून अँटिबॉडीज कशा वाचवतील?

"दुसरी नावं दिली" ह्याबद्दल: १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कारण काहीही असो, त्याची नोंद करायची अशी पद्धत आहे. गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवर उलटते तो आजार), मज्जारज्जूची सूज, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने दुखावलेली नस, दुसरे आतड्याचे व्हायरस, सगळे त्यात येतात. मग १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पोलिओ व्हायरस शोधतात. लाख मुलांमागे किमान एक तरी असा पोलिओ नसलेला रुग्ण सापडलाच पाहिजे, नाहीतर तिथली यंत्रणा झोपलीय असं धरलं जातं. हे आकडे उघड प्रसिद्ध होतात आणि तेच आकडे उचलून "पोलिओ लपवला" म्हणून फिरवले जातात. ज्यांच्या नमुन्यात व्हायरस नाही त्यांना पोलिओ म्हणायचं कसं?

६. "इंजेक्शन दिलं तोच पाय लुळा पडला"

असं घडलेलं आहे आणि ते नोंदलेलंही आहे, १९५० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये ह्यावर चांगला अभ्यास झाला. अंगात पोलिओ व्हायरस आधीच फिरत असताना स्नायूत इंजेक्शन, कुठलंही, बसलं तर त्या जखमेमुळे व्हायरसला चेतातंतूतून वर चढायला सोपं जातं. १९९८ मध्ये सीडी१५५ वाल्या उंदरांवर हे प्रयोगाने दाखवलं गेलं. पण व्हायरस अंगात लागतोच. साथ चालू असताना नको ती इंजेक्शनं देऊ नयेत हा ह्यातून निघालेला नियम, आणि तो योग्यच आहे.

७. "आता होतो तो पोलिओ लशीतूनच येतो"

हा तो अर्धा खरा भाग. पहिली गोष्ट, "लस" म्हणताना दोन वेगळ्या लशी आहेत. इंजेक्शनच्या लशीत मारलेला व्हायरस असतो, तिच्यातून पोलिओ होऊ शकत नाही. तोंडातल्या थेंबांत जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो आतड्यात काही आठवडे वाढतो आणि बाहेर पडतो. अगदी क्वचित, दर १० लाख बाळांमागे साधारण २ ते ४, त्या बाळाला किंवा त्याच्या संपर्कातल्याला त्यातून लुळेपणा येतो. हे खरं आहे, हे सांगितलंच पाहिजे, आणि त्या एकेका घरासाठी हा आकडा लहान नसतो. नैसर्गिक व्हायरसचा १० लाख जणांना संसर्ग झाला तर लुळे पडणारे साधारण ५,००० असतात.

दुसरा प्रकार वेगळा. जिथे बरीच मुलं लशीविना आहेत तिथे थेंबांतला व्हायरस एका मुलातून दुसऱ्यात असा महिनोनमहिने फिरत राहतो, बदलत जातो आणि परत घातक होतो. हे साथीच्या रूपात पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं २००० मध्ये, हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. ओळखतात कसं? व्हायरसच्या एका कवच-प्रथिनाच्या जनुकात साधारण ९०० अक्षरं असतात आणि वर्षाला त्यातली साधारण १ टक्का बदलतात. मूळ लशीच्या मजकुराशी ताडून किती अक्षरं बदलली ते मोजलं की तो किती दिवस फिरतोय ह्याचा अंदाज येतो, आणि कुठून कुठे गेला तेही कळतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांतून टाइप २ काढून टाकला (नैसर्गिक टाइप २ शेवटचा दिसला होता १९९९ मध्ये), पण त्यानंतर टाइप २ चं संरक्षण नसलेली मुलं वाढत गेली आणि लशीतून आलेल्या टाइप २ च्या साथी बऱ्याच झाल्या. त्या निर्णयाची अंमलबजावणी फसली असं माझं स्पष्ट मत आहे. २०२१ पासून सहजासहजी उलटू नये असा घडवलेला नवा टाइप २ चा थेंब वापरात आलाय.

पण हे सगळं मेसेजवाल्यांच्या बाजूचं नाही. व्हायरसच नसेल तर लशीतला व्हायरस उलटून पोलिओ होतो हे खरं कसं? एकाच मेसेजमध्ये ही दोन्ही वाक्यं नांदू शकत नाहीत. १९५५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कटर लॅबोरेटरीजच्या काही लॉटमध्ये व्हायरस नीट मेला नव्हता. साधारण ४०,००० मुलांना सौम्य आजार, सुमारे २०० जणांना लुळेपणा, १० मृत्यू, आणि टोचलेल्या मुलांचा लुळेपणा बऱ्याचदा सुई टोचलेल्या हातापासूनच सुरू झालेला. ही घटना लशीविरुद्धचा पुरावा म्हणून फिरवली जाते. कंपनीची आणि तपासणीची ती भयंकर चूक होती, त्यानंतर नियम कडक झाले. पण व्हायरस आत गेला आणि पोलिओ झाला, मारलेला गेला तेव्हा झाला नाही, ह्यापेक्षा स्पष्ट पुरावा व्हायरसच्या बाजूने कुठला हवा?

२०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीत एक तरुण लुळा पडला. अमेरिकेत २००० पासून थेंब देतच नाहीत, फक्त इंजेक्शन. व्हायरस बाहेरून आलेला, लशीतून उलटलेला टाइप २. आसपासच्या सांडपाण्यातही तो सापडला, म्हणजे आणखी कितीतरी जणांच्या आतड्यांतून तो गेला होता. लुळेपणा आलेला मात्र तो एकच सापडला, आणि त्याने पोलिओची कुठलीच लस घेतलेली नव्हती.